पास पाहुण्याला, हक्क आपला



पाऊस लागला की ठाण्या-डोंबिवलीचे लोक येऊरच्या वहाळावर मौजेला येतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथं शिरायला परवानगी लागते. पाहुण्यांनी ती घ्यावीच. बाटल्या फोडून, कचरा टाकून जाणारे आम्हालाही नकोत.

पण त्याच वहाळावर खेकडे धरायला गेलेल्या पाड्यातल्या बाईकडं कुणी पास मागितला तर? ती काय सहलीला आली?

त्याच कायद्याचं कलम 27 बघा. हद्दीतल्या स्थावर मालमत्तेवर ज्याचा हक्क, त्याला परवाना लागत नाही. मग आमचा हक्क कागदावर का नको? 2006 चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली जमीन, मध, मुळ्या, मासे, सगळं त्यात धरलंय. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम 4 मध्ये लिहिलंय.

म्हणून आम्ही म्हणतो, नुसतं भांडून भागणार नाही. प्रत्येक पाड्यानं सभा घ्यावी, वनहक्क समितीकडं जमिनीचा दावा टाकावा. वहाळाचा दावा सामूहिक टाकावा. म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घ्या, तोही पुरावा धरतात. दावा दिल्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पास मागून जगायला आम्ही पाहुणे नाही.

जंगल आमच्या हक्काचं!