आधी नळ, मग केसपेपर

मी डॉक्टर नाही. वैद्यकाचे माझे ज्ञान मॅट्रिकच्या शास्त्राच्या पुस्तकापुढे फारसे गेलेले नाही. पोट भरतो ते मुले शिकवून आणि हौस भागवतो ती कादंबऱ्या लिहून. तेव्हा दवाखान्यातल्या लोकांना चार शब्द सुनावण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. तो एका दहा वर्षांच्या पोराच्या रक्ताळलेल्या मनगटाने दिला.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पावसाने उघडीप दिली की आमच्या वाईच्या घाटावर माणसांच्या आधी कुत्री येऊन ऊन खातात. त्यांतल्या एकाने माझ्या वर्गातल्या मुलाच्या मनगटात दात रुतवले. मी पोचेपर्यंत त्याच्या आजीने जखमेत हळद आणि चुना दाबून भरला होता. "मास्तर, विष ओढून घेतंय ते," म्हणाली. मी तिच्यावर डाफरलो, पोराला स्कूटरवर घातले आणि एका दवाखान्यात नेले. दवाखान्याचे नाव सांगत नाही. तेथे जे पाहिले ते आणखी पन्नास ठिकाणी दिसेल, मग एकट्याच्याच माथी ते का मारावे?

खिडकीशी रांग होती. केसपेपर काढला. कुत्रे पाळीव की भटके, वॉर्ड कोणता, आधार कार्ड आणले का, अशी सगळी चौकशी झाली. मग सिस्टर म्हणाल्या, "बसा. आणखी दोघंतिघं येऊ देत, कुपी फोडली की संपवावी लागते." आम्ही बाकावर बसलो. चाळीस मिनिटे बसलो. डोक्यावर भिंतीला सरकारी तक्ता होता आणि मास्तरकीच्या सवयीने मी तो वाचला. पहिलीच ओळ : जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा.

मला माझीच लाज वाटली. कृष्णेच्या काठावरून, चार नळांच्या शेजारून मी त्या पोराला आणले होते आणि धुवायचे मलाही सुचले नव्हते! पण मी पडलो मास्तर. ज्यांनी तो तक्ता लावला, त्यांचे काय? दोन्ही दंडांत सुया झाल्या, कागदावर शिक्का झाला, मनगटातला चुना जिथल्या तिथे. "सिस्टर, जखम धुवायची नाही का?" "घरी जाऊन धुवा." "आणि सिरम?" "ते इथं नसतं. जिल्ह्याला जा."

या दोन उत्तरांशी माझे भांडण आहे.

रेबीजचा विषाणू सापाच्या विषासारखा रक्तातून धावत नाही. चावा बसला तेथे तो काही काळ दबा धरून बसतो, मग मज्जातंतूची वाट धरून मेंदूकडे निघतो. या प्रवासाला बहुधा महिना ते तीन महिने लागतात. चावा तोंडावर वा डोक्यावर असला तर त्याहून कमी. मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली की खेळ संपला. त्यातून वाचलेली माणसे साऱ्या जगात इतकी थोडी, की एकेकावर स्वतंत्र लेख लिहिले जातात. आणि असल्या भयंकर शत्रूचे चिलखत म्हणजे चरबीचे एक पातळ वेष्टन! ते साबणाने विरते. दहा रुपयांची वडी आणि पंधरा मिनिटे पाणी एवढा तो पहिला उपचार आहे, आणि आपल्या दवाखान्यांत तोच कोणाच्या कामात मोडत नाही. केसपेपरवाल्याचे ते काम नाही, सिस्टरचे नाही, डॉक्टरचे तर नाहीच नाही.

सिरमचेही तसेच. लस टोचली तरी तिची ताकद अंगात यायला आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर पहारा करायला तयार प्रतिपिंडे लागतात, आणि ती जखमेतच, जखमेच्या भोवतीच टोचावी लागतात. कातडी फाटून रक्त आले असेल तर नुसती लस हे अर्धेच काम. पहिल्या सुईपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येते, हे खरे. पण या सवलतीचा अर्थ "उद्या जिल्ह्याला जा" असा करायचा? तो उद्याचा दिवस आजीच्या मजुरीतून गेला.

गंमत अशी, की जुन्यांची नजर जखमेवर होती. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन केले आहे. पाण्याला भिऊ लागलेला रोगी हातचा गेला, हे त्याला ठाऊक होते. आणि उपाय काय सांगितला? दंशाचे रक्त काढा, तापल्या तुपाने डागा. उपाय आज कोणी करू नये, पण तो पाहत होता ती जागा बरोबर होती. आमच्या आजीचा चुनाही त्याच जागी पडला; औषध चुकले. पॅरिसला १८८५ च्या जुलैत पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला तेरा सुया दिल्या आणि पोर वाचले. तेव्हापासून जगाचे डोळे सुईवर खिळले ते खिळलेच. (पाश्चरही डॉक्टर नव्हता, हे जाता जाता.)

आमच्याकडे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आली आणि पोटातली चौदा इंजेक्शने घराघरांत भुतासारखी जाऊन बसली. ती लस देशात २००४ अखेर बंद झाली. भूत अजून आहे. आजी पोराला दवाखान्यात न्यायला का कू करत होती, ते तिने नंतर सांगितले : तिच्या भावाने ती चौदा सोसली होती. आता दंडातल्या चार फेऱ्यांत काम होते, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

यावर ठरलेले उत्तर येते, की लोक अडाणी आहेत, दवाखान्यात येतच नाहीत. येत नाहीत? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२२-२३ ची पाहणी पाहा. देशात वर्षाला सुमारे ९१ लाख माणसांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० मरतात. पण कुत्रा चावलेल्या पाचांपैकी चौघे निदान एका सुईपर्यंत पोचतात. चौघे तुमच्या दारात येतात हो! दारात आलेल्यांचे तुम्ही काय करता, तेवढे बोला.

दुसरे उत्तर, सिरम महाग आणि दुर्मिळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितले आहे, की जखमेत मावेल तेवढेच टोचा, उरलेले दूरच्या स्नायूत घालवू नका. म्हणजे एक कुपी अनेकांना पुरते. आणि दुर्मिळ कोठे? पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट २०१७ पासून त्याच कामाचे, घोड्याच्या रक्तावाचून केलेले औषध विकते आहे. वाईपासून पुणे शंभर किलोमीटरच्या आत आहे. आंबे, द्राक्षे, वर्तमानपत्रे रोज एवढा पल्ला गाठतात.

तिसरे उत्तर म्हणजे कुत्र्यांवरचे भांडण. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी हुकूम दिला, अकरा दिवसांत तो बदलला आणि सारा देश दोन फळ्यांत उभा राहिला. कुत्र्यांचे जे करायचे ते करा. त्यांचे लसीकरण व्हायलाच हवे. पण त्या गदारोळात कॅज्युअल्टीच्या दारात नळ आहे का, हे विचारणारा एकही पक्ष मला दिसला नाही. माझे मागणे फार मोठे नाही. दाराशी बसक्या उंचीचा नळ, साबण, भिंतीवर घड्याळ आणि पंधरा मिनिटे उभे करणारा एक माणूस. केसपेपर पाणी चालू असतानाही लिहिता येतो. आणि तालुक्याच्या फ्रीजमध्ये सिरमच्या चार कुप्या.

त्या दिवशी मी समोरच्या दुकानातून साबणाची वडी आणली आणि अंगणातल्या नळाखाली पोराचे मनगट धरले. चुना निघायलाच पाच मिनिटे गेली. पोर रडले नाही; "गुरुजी, किती झाली?" एवढेच सारखे विचारीत होते. सिरम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी मिळाले. अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटच्या सुईला गेलो, तेव्हा ती वडी मी नळावर ठेवून आलो. पोटरीला फडके गुंडाळलेली एक बाई त्या नळासमोरच रांगेत उभी होती, हातात केसपेपर घेऊन.