श्रमदान आणि वेठ

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, अ‍ॅबर्डीन शहराच्या दक्षिणेस, स्टोनहेवन नावाचे एक छोटे बंदर आहे. ३१ डिसेंबरची मध्यरात्र होताच तेथील जुन्या वस्तीतील हाय स्ट्रीटवर चाळीसएक स्त्रीपुरुष तारेच्या जाळीत बांधलेले पेटते गोळे डोक्याभोवती गरगर फिरवीत चालू लागतात. गोळ्यात कोळसा, लाकडे, चिंध्या असे साधे जळण, आणि वर रॉकेल. जुन्या वर्षाची इडापिडा जळून जावी, ही त्यामागील लोकसमजूत. अखेरीस ते गोळे बंदराच्या पाण्यात फेकले जातात. मासेमारीवर जगणाऱ्या वस्तीत रुजलेल्या या प्रथेला शंभराहून अधिक वर्षे झाली.

स्कॉटलंडमध्ये नववर्षाला एवढे महत्त्व का, हेही समजून घेतले पाहिजे. १६४० साली तेथील पार्लमेंटने धर्मसुधारकांच्या आग्रहाने नाताळची सुटी रद्द केली. नाताळ पुन्हा सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ साली. मधल्या काळात असंख्य कष्टकऱ्यांनी नाताळच्या दिवशीही काम केले. हिवाळ्यातील त्यांचा हक्काचा सण म्हणजे नववर्षच.

स्टोनहेवनचा हा सोहळा कोणी ठेकेदार भरवीत नाही. गावकऱ्यांची एक स्वयंसेवी संघटना तो पार पाडते. गोळे फिरविणारे गावचेच रहिवासी असतात. पाहणाऱ्यांपुढे देणगीची बादली फिरते आणि जमलेला पैसा सोहळ्याच्याच कामी येतो. गावाने श्रम करावेत आणि त्यांचे फळ गावानेच भोगावे, इतका हा सरळ व्यवहार आहे.

आता त्याच देशाच्या राजधानीकडे पाहू. एडिंबरोचा नववर्षोत्सव हा जगभरच्या पर्यटकांना तिकिटे विकणारा मोठा व्यवसाय आहे. २०१७ साली महापालिकेने या उत्सवाचे काम एका खाजगी कंपनीला दिले. त्या कंपनीने सुमारे ३०० बिनपगारी स्वयंसेवक हवेत, असे आवाहन केले. कामगार संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली. स्वयंसेवक पगारी नोकरांची जागा घेणार नाहीत, असे आयोजकांचे म्हणणे होते. परंतु ज्या कामाशिवाय तिकिटे विकून भरविलेला उत्सव नीट चालत नाही, ते काम फुकट का व्हावे, या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे.

दोन्हीकडे शब्द एकच, ‘स्वयंसेवक’. दोन्हीकडे थंडी तीच, रात्र तीच, गर्दी सांभाळण्याचे कष्टही तेच. मग भेद कोठे आहे? आमच्या मते तीन प्रश्न विचारले की तो उघड होतो. निर्णय कोण घेतो? हिशेब कोणापुढे मांडला जातो? आणि शिल्लक कोणाच्या खिशात जाते? श्रम करणारा समाजच जेथे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर असतो, तेथे ते श्रमदान होय. जेथे श्रम एकाचे आणि नफा दुसऱ्याचा असतो, तेथे कितीही गोंडस नाव दिले तरी ती वेठच होय.

यावर कोणी म्हणेल की, स्वखुशीने येणाऱ्याला अडवावे कशाला? अडवू नये, हे मान्य. परंतु फुकट राबणारे दारात उभे असले की वेतन मागणाऱ्याचे बळ घटते, हे चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको. एकाची हौस ही दुसऱ्याच्या पोटावर पाय ठरू शकते.

तथापि स्टोनहेवनचे कौतुक करतानाही भान सुटता कामा नये. रस्ता बंद करणे, रुग्णवाहिका सज्ज ठेवणे, आग लागल्यास धावून जाणे ही कामे शासनसंस्थेचीच आहेत. लोकांची उमेद पाहून शासनाने आपली जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालावी, हीदेखील वेठीचीच दुसरी तऱ्हा.

आपल्यापैकी कितीतरी कार्यकर्ते उत्सवांच्या मंडपात आणि श्रमदानाच्या शिबिरांत घडले. म्हणूनच स्वयंसेवेचा वारसा बाजाराच्या हवाली करणे आपल्याला परवडणारे नाही, आणि पैशाला शिवायचे नाही म्हणून हिशेब न मागणे, हेही नाही. हात आपले असतील तर सत्ताही आपली हवी. त्या चिमुकल्या बंदरावरील माणसे आपला अग्नी आपणच पेटवितात आणि आपणच विझवितात. आपण शिकावयाचे आहे ते एवढेच.