कर्ण्यापासून कानापर्यंत

गणेशोत्सवाचा मांडव असो, जत्रेतील कीर्तन असो वा निवडणुकीची सभा, 'अहुजा' ही अक्षरे मिरविणारा कर्णा ज्याने पाहिला नाही असा भारतीय विरळाच. १९४० पासून चालत आलेल्या या नावाने सार्वजनिक ध्वनिव्यवस्थेत जो विश्वास संपादन केला, तो जाहिरातींच्या बळावर नव्हे. ऊन, पाऊस आणि धूळ सोसून कर्णा वाजत राहिला, बिघडला तर तालुक्याच्या गावीही दुरुस्त होत राहिला, म्हणून तो विश्वास जमला. घरगुती संगीताच्या क्षेत्रात असेच नाव कोलकात्यात १९७० साली स्थापन झालेल्या 'सोनोडाइन'ने कमावले.

मात्र ऐकण्याची रीतच आता पालटली आहे. दिवाणखान्यात ॲम्प्लिफायर आणि त्याच्या दोन बाजूंना लाकडी पेटीतील दोन स्पीकर, हे मध्यमवर्गीय घराचे एकेकाळचे वैभव होते. आज संगीत खिशातील मोबाइलमध्ये आहे आणि श्रोता कानात बोंडे घालून बसलेला आहे. ॲपलने २०१६ साली आपल्या फोनमधील हेडफोनचे छिद्रच काढून टाकले, तेव्हापासून बिनतारी हेडफोनचा ओघ अनावर झाला. अशा वेळी ज्याची सारी हयात शंकू, चुंबक आणि पेटी यांच्या साधनेत गेली, त्या स्पीकर उत्पादकाने काय करावे? जुनेच काम निष्ठेने करीत राहावे, की 'ॲक्टिव्ह' स्पीकर आणि हेडफोनच्या बाजारात उतरावे?

या दोन वाटा एकसारख्या नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. साध्या स्पीकरमध्ये बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडून आलेला विद्युतप्रवाह पेटीतील वेटोळी आणि कपॅसिटर यांच्या साहाय्याने विभागला जातो. खर्जाचा भाग मोठ्या शंकूकडे, तर तार स्वर लहानाकडे जातात. या विभागणीत काही शक्ती वाया जाते. 'ॲक्टिव्ह' स्पीकरमध्ये ही विभागणी आधीच, सूक्ष्म संकेताच्या पातळीवर होते आणि प्रत्येक शंकूला त्याच्या स्वभावानुरूप स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. ज्याने शंकू घडविला, त्याच्या गुणदोषांची जाण त्यालाच सर्वाधिक असते. त्यामुळे हे पाऊल म्हणजे त्याच्याच विद्येची पुढची पायरी होय. सोनोडाइनने स्टुडिओंसाठी असे मॉनिटर बनवून ही गोष्ट भारतात शक्य असल्याचे दाखवून दिले आहे.

इंग्लंडमधील 'केईएफ'चे उदाहरण बोलके आहे. बीबीसीत काम केलेल्या रेमंड कुक यांनी १९६१ साली केंट परगण्यात ही कंपनी उभारली. १९९२ मध्ये ती हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाकडे गेली. परंतु १९८८ मध्ये तिने पुढे आणलेले 'युनि-क्यू' हे तंत्र, ज्यात लहान ध्वनिघटक मोठ्या शंकूच्या मध्यभागीच बसविलेला असतो, तिने सोडले नाही. २०१२ च्या 'एलएस५०' स्पीकरमध्ये तेच तंत्र होते, आणि २०१६ साली त्याच पेटीत ॲम्प्लिफायर घालून तिने बिनतारी ॲक्टिव्ह स्पीकर आणला. हेडफोनही तिने २०१३ पासून बाजारात आणले. पण तिची ओळख आजही स्पीकरवरच टिकून आहे.

मग हेडफोनची वाट निषिद्ध मानावी काय? तसेही नाही. एका क्रांतिकारकाचा पुत्र असलेल्या अमर गोपाळ बोस यांनी १९६४ साली अमेरिकेत स्पीकरचा उद्योग आरंभिला. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने त्यांच्या कानातील संगीत बेचव केले, आणि त्याच प्रवासात त्यांनी गोंगाट पुसून टाकणाऱ्या हेडफोनचे गणित मांडण्यास प्रारंभ केला. वैमानिकांसाठी विक्रीयोग्य संच सिद्ध व्हायला १९८९ उजाडले; सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती तो २००० साली पडला. बावीस वर्षांची ही तपश्चर्या होय! कंपनीचे समभाग बाजारात न विकता नफा संशोधनात ओतला, म्हणूनच ती शक्य झाली.

याच्या उलट सोपा मार्ग आहे तो परक्या कारखान्यातून तयार माल उचलून त्यावर आपली मुद्रा उमटविण्याचा. भारतातील नव्या नाममुद्रांपैकी कित्येकांचा आरंभ चीनमधून आणलेल्या मालानेच झाला. 'बोट'च्या चालकांनी २०२२ साली डिक्सनशी भागीदारी करून देशात उत्पादनाची दिशा धरली, हे स्वागतार्हच. पण ज्यांच्यापाशी पिढ्यांचे नाव आहे, त्यांनी हा उलटा प्रवास का करावा? बिनतारी हेडफोनमधील इवली बॅटरी काही वर्षांत दम टाकते आणि वस्तू केरात जाते. वीस-वीस वर्षे टिकणाऱ्या पेटीवर कमावलेला लौकिक अशा वस्तूवर उधळणे हा व्यापार नव्हे, ती भांडवलाची उधळपट्टी होय.

सारांश स्पष्ट आहे. ॲक्टिव्ह स्पीकरच्या क्षेत्रात भारतीय उत्पादकाने विनाविलंब आणि आत्मविश्वासाने उतरावे. मात्र आतील ॲम्प्लिफायर वा बिनतारी जोडणीचा भाग निकामी झाला तर तेवढाच बदलता येईल, अशी रचना करावी, म्हणजे पेटीचे आयुष्य चिपच्या आयुष्यावर अवलंबून राहणार नाही. हेडफोनच्या क्षेत्रात मात्र ध्वनिघटक स्वतः घडविण्याची सिद्धता झाल्यावरच पाऊल टाकावे. तोपर्यंत मोह आवरणे हेच शहाणपण. ग्राहकांचेही कर्तव्य आहे. स्वस्त वस्तू दरवर्षी नव्याने घेण्यापेक्षा दुरुस्त होणारी वस्तू एकदाच घेण्याची सवय घराघरांत रुजली, तर असा उत्पादक टिकेल. वस्तूवर नाव कोणाचे आहे हे दुकानात कळते. त्या नावामागे विद्या कोणाची आहे हे दहा वर्षांनी, ती वस्तू वाजत असते किंवा नसते तेव्हा कळते.