परसातील पाचोळा

माघ सरत आला की परसातील झाडे पाने टाकू लागतात. शेवग्याची पिवळी पाने वाऱ्याबरोबर परसभर उडतात, रामफळाची पाने बुंध्यापाशीच पडून राहतात, आणि कुंपणालगत उंबर असेल तर त्याच्याखाली थरच साचतो. घरातील दक्ष माणसाचे लक्ष तिकडे जाते. खराटा निघतो, ढीग होतो, आणि तिन्हीसांजेला त्या ढिगास काडी लागते. परस कसे लख्ख झाले, या समाधानात मंडळी घरात जातात. स्वच्छतेच्या या सवयीस कोणी नावे ठेवणार नाही. तथापि त्या ढिगात जळाली ती केवळ पाने होती काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

पाचोळा हा कचरा नव्हे. तो परसातील जीवांचे घर आहे, कोठार आहे आणि पुष्कळांचे बाळंतघरही आहे. वर्षभर त्या परसात कोण येते, कोण राहते आणि कोण काय खाते, हे जो लक्षपूर्वक पाहील त्याला ही गोष्ट आपोआप पटेल.

चैत्र म्हटला की प्रथम कोकिळेचे नाव निघते. वस्तुतः गातो तो काळाभोर नर. ठिपक्याठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालण्याच्या खटपटीत असते. परंतु ‘कोकिळा गाते’ असे म्हणण्याची जुनी चाल काही मोडत नाही! या कोलाहलात दयाळाकडे मात्र दुर्लक्ष होते. काळ्यापांढऱ्या रंगाचा हा लहानसा पक्षी उजाडण्यापूर्वीच शेवग्याच्या शेंड्यावर बसतो आणि निरनिराळ्या लकेरी घेत राहतो. त्याच्या गळ्यातील गोडी कोकिळाहून कमी नाही. उलट विविधता अधिकच आहे. गाणे झाले की तो जमिनीवर उतरतो, शेपटी उभारून पाचोळ्यातून टुणटुण उड्या मारतो आणि किडे, नाकतोडे टिपतो. ज्या परसात खराट्याने एक पानही शिल्लक ठेवलेले नाही, तेथे त्याला गाण्यास झाड मिळते, पण खाण्यास काही मिळत नाही. मग तो दुसरे परस शोधतो. गाणे हवे आणि किडे नकोत, हा सौदा निसर्गाच्या बाजारात जमत नाही.

हीच गोष्ट शिंजिराची. जास्वंदीतील मध पिणारा हा चिमुकला पक्षी फुलांवरच जगतो, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु पिलांचे मधावर भागत नाही. त्यांच्या वाढीस कोळी आणि मऊ किडे लागतात. फार कशाला, दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरविते. शिंजिराचे लोंबते घरटे तर कोळिष्टकांनीच बांधलेले असते. त्यात सालीचे कपटे, वाळक्या पानांचे तुकडे, असा सगळा केर गुंफलेला असतो. माणसाने ज्याला केर म्हटले, त्याचाच पाळणा करून ही जोडी त्यात आपली पिले वाढविते.

ग्रीष्मात परस ओस दिसते. परंतु पाचोळ्याचा थर हाताच्या काठीने थोडा बाजूस सारला, तर खालची माती दमट आणि गार लागते. उन्हाने तापलेल्या उघड्या मातीत जे जीव तासभरही तगणार नाहीत, ते या पांघरुणाखाली पावसाची वाट पाहत असतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत वैशाखाच्या अखेरीस काजवे लुकलुकू लागतात. ते आभाळातून पडत नाहीत. त्यांच्या अळ्यांनी आधीचा दीर्घ काळ दमट मातीत आणि पाचोळ्यात, गोगलगाई व गांडुळे खाऊन काढलेला असतो. माघात पेटविलेल्या ढिगात पुढच्या वैशाखातील दिवे असू शकतात.

मृगाच्या सरी आल्या की परसातील सर्व बिऱ्हाडे एकदम जागी होतात. लाल मखमलीचा तुकडा चालू लागावा तसा मृगाचा किडा मातीतून वर येतो. मुले त्याला काड्यापेटीत ठेवतात. त्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात. म्हणजे नाव किड्याचे असले तरी नाते कोळ्याचे आहे. त्याच संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात, हजारो पाखरे दिव्याभोवती जमतात, आणि कोठे दडले होते कोण जाणे, असे बेडूक उंबरठ्यापर्यंत येऊन त्यांचा फडशा पाडतात.

बेडकाचे मोल देशाला एकदा चांगलेच कळून आले आहे. बेडकांचे पाय परदेशी पाठविण्याचा मोठा व्यापार येथे एके काळी चाले. भातखाचरांतील बेडूक कमी झाले तर किडींना आवरणार कोण, हा प्रश्न पुढे आला, आणि १९८७ मध्ये भारत सरकारने ती निर्यात बंद केली. शेताला जो न्याय, तोच परसालाही लागू आहे.

गांडुळांचे काम याहून संथ आणि याहून मोठे. ते पडलेली पाने ओढून बिळात नेतात, मातीसह खातात आणि वर विष्ठेच्या बारीक गुंडाळ्या आणून टाकतात. चार्ल्स डार्विन या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने आपल्या बागेतील गांडुळे वर्षानुवर्षे न्याहाळली आणि १८८१ साली त्यांवर एक ग्रंथच लिहिला. इंग्लंडातील पुष्कळ भागांत दर एकरी वर्षाला १० टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्याने मांडला. ज्याच्या विचारांनी जगात खळबळ उडविली, त्या मनुष्याने आयुष्याच्या अखेरीस गांडुळावर पुस्तक लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु नांगराच्याही आधीपासून जमीन नांगरणाऱ्या या प्राण्याचे अन्न म्हणजेच पाचोळा, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू मावळते.

याच दिवसांत खराट्याचा धाकटा भाऊ बाहेर पडतो. तो म्हणजे फवारणीचा पंप. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळेपांढरे काही चिकटलेले दिसते. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचली असता डोक्यामागून शिंगासारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. पाने कुरतडलेली पाहून घरधनी संतापतो आणि विषारी औषध मारतो. ती अळी कदाचित राणी पाकोळीची असते. काळ्या पंखांवर निळ्या रंगाची झळाळी असलेल्या या मोठ्या फुलपाखराला २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. राज्याने मान द्यावा आणि परसाने विष द्यावे, ही विसंगती खेदजनक आहे. वाढलेले झाड थोडी पाने गेल्याने मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप अगदीच लहान असेल, तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवण्याचे श्रम तेवढे घ्यावेत. शिवाय प्रत्येक अळीचे फुलपाखरू होत नाहीच. काही शिंपी पक्ष्याच्या पिलांच्या चोचीत जातात, काही कुंभारीण उचलून आपल्या मातीच्या घरट्यात कोंबते. फवाऱ्याने अळ्यांबरोबर या दोघांचाही घास जातो.

शरदात चतुरांचे थवे उन्हात भिरभिरतात, आणि सकाळी दवाने जड झालेली कोळ्यांची जाळी झुडपाझुडपांतून चमकतात. त्यानंतर थंडीबरोबर उत्तरेकडून धोबी पक्षी येतो आणि शेपटी खालीवर हलवीत ओल्या जागेवर फिरू लागतो. सातभाई मात्र बारमाही. या मळकट रंगाच्या पक्ष्यांची टोळी कलकलाट करीत उतरते, आणि चोचीने एकेक पान उलटे करून त्याखालचे किडे शोधते.

यावर कोणी विचारील, पाचोळा ठेवला तर साप-विंचू येणार नाहीत काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घोणस वाळक्या पानांत इतकी बेमालूम मिसळते की, जवळ जाईपर्यंत ती दिसत नाही. म्हणून दारापुढील अंगण, विहिरीची वाट, मुलांची खेळण्याची जागा झाडलेलीच असावी. पाचोळ्यात कोणीही उघडा हात घालू नये, आणि रात्री परसात जाताना हाती दिवा व पायांत जोडा असावा. परंतु सापाला घराजवळ आणतात ते बहुधा उंदीर, आणि उंदरांना आणते ते उघडे धान्य व उष्टे-खरकटे. केवळ पाने जाळून तो प्रश्न सुटत नाही. शिवाय परसात दिसणारा प्रत्येक साप विषारी नसतो. धामण बिनविषारी असून ती उंदरांचाच समाचार घेते. डासांचेही तसेच. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फुटके डबे, करवंट्या आणि जुने टायर उचलले पाहिजेत. त्यांची शिक्षा पानांना नको.

पाने जाळल्याने होणारा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो, हे वेगळे सांगावयास नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, ती या धुरामुळेच. पानांतील नत्र धुराबरोबर उडून जाते आणि मागे मूठभर राख राहते. नंतर त्याच परसासाठी बाजारातून खताची पिशवी विकत आणली जाते!

त्यापेक्षा अंगण झाडावे आणि निघालेला पाचोळा परसाच्या दूरच्या कोपऱ्यात, न्हाणीचे पाणी जेथे केळी-अळवाला जाते तेथे, वीतभर जाडीने पसरून द्यावा. मृग येईपर्यंत त्याचा थर निम्म्याने खाली बसतो. भाद्रपदात काठीने उकरले तर वरची पाने तेवढी ओळखू येतात. खाली काळी, भुसभुशीत माती असते. आणि दुसरे दिवशी पाहावे, तो ती उकरलेली जागा सातभाईंनी आधीच गाठलेली असते.