आडनांवाची लाज कोणाला?

गेल्या सुटींत आम्ही गांवाहून मुंबईस गेलों व नायगांवच्या बी. डी. डी. चाळींत एका आप्ताच्या खोलीवर उतरलों. ह्या चाळी मुंबई सरकारच्या विकास खात्यानें १९२० नंतरच्या चारपांच वर्षांत बांधल्या. नायगांवांत अशा ४२ चाळी उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. गांवीं पोट भरेना म्हणून आलेल्या शेतकरी व कारागीर घरांच्या कित्येक पिढ्या त्या खोल्यांत वाढल्या.

संध्याकाळीं शेजारचे एक गृहस्थ कोरा कागद घेऊन आले. "गुरुजी, एक अर्ज लिहून द्या. पोराचं आडनाव बदलायचं आहे." त्यांचें आडनांव कुंभार. तें काढून मूळ गांवाच्या नांवाला 'कर' जोडावयाचें व नवें आडनांव सरकारी राजपत्रांत छापून घ्यावयाचें, असा त्यांचा बेत होता. आम्हीं कारण विचारलें. मुलगा पदवीधर. एका कचेरींत नोकरीसाठीं गेला असतां तेथील साहेबानें पूर्ण नांव विचारलें आणि तें ऐकून म्हणाला, "मग घरीं मडकीं कोण भाजतो?" बाकीचे हसले. ह्या घरचें चाक तर आजोबांबरोबरच थांबलेलें! मुलगा घरीं येऊन न जेवतां निजला, आणि बापानें कागद आणला.

वाचकहो, ह्या प्रसंगांत लाज कोणाला वाटावयास हवी होती? मडकें घडविणाराच्या नातवाला, कीं त्या मडक्यांतलें पाणी पिऊन त्याला हसणाराला?

आपलीं आडनांवें कोठून आलीं तें आधीं पाहूं. कांहीं गांवावरून आलीं. कांहीं वतनावरून, जसें पाटील, चौगुले, देशमुख, कुलकर्णी. कांहीं धंद्यावरून, जसें सुतार, लोहार, कुंभार, तांबट. कांहीं रंगारूपावरून, जसें काळे, गोरे. पूर्वीं खेड्यांत माणसाचें स्वतःचें नांव, बापाचें नांव आणि गांव एवढ्यावर बहुधा भागत असे. पुढें इंग्रजी अमदानींत शाळेचा दाखला, पलटणीची नोंद, कोर्टाचा कागद व गिरणीचा हजेरीपट यांनीं आडनांव मागितलें. त्या वेळीं जें तोंडीं आलें तें कारकुनानें लिहिलें, आणि पुष्कळ घरांना तेंच कायमचें चिकटलें.

महात्मा जोतीराव फुले यांचेंच उदाहरण घ्या. त्यांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण, आणि तेथें घराण्याकडे चौगुलकी होती. पुढें तें घराणें पुरंदर तालुक्यांत खानवडीस व तेथून पुण्यास आलें. पुण्यांत जोतीरावांच्या वडिलांनीं व चुलत्यांनीं फुलांचा धंदा केला, पेशव्यांच्या वाड्याला फुलें पुरविलीं, आणि लोक त्यांना फुले म्हणूं लागले. गोऱ्हे जाऊन फुले आले ते कोणत्याही अर्जानें नव्हे, हातच्या कसबानें आले. १८४८ सालीं मुलींची शाळा काढणारे आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव ह्याच धंद्याच्या आडनांवानें देशाला ठाऊक झाले. माळ्याच्या टोपलींतून आलेलें तें आडनांव २०१४ सालीं सावित्रीबाईंच्या नांवाबरोबर पुणें विद्यापीठाच्या दारावर लागलें.

इतर देशांतही हेंच आहे. इंग्लंडांत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव स्मिथ. त्याचा अर्थ लोहार. १९७९ ते १९९० पर्यंत तेथें पंतप्रधान असलेल्या बाईंचें आडनांव थॅचर. त्याचा अर्थ छप्पर शाकारणारा. आपल्याकडे मात्र न्याय दोन प्रकारचा. कुलकर्णी हेंही मूळचें गांवचें दप्तर लिहिण्याचें काम. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून तलाठी नेमले. काम गेलें, आडनांव राहिलें. पण कुलकर्णी नांवाच्या मुलाला "मग गांवचें दप्तर कोण लिहितो?" असें विचारून कोणी हसत नाहीं. तें आम्हांस नकोच आहे. कुंभाराच्या मुलालाही कोणी हसूं नये, एवढेंच आमचें मागणें.

आणि आडनांवावरून जात हुडकणारे तरी कितीसे शहाणे? जाधव, मोरे, पवार, गायकवाड, शिंदे हीं आडनांवें एका जातीचीं नाहींत, अनेक जातींत आहेत. तरी "पूर्ण नांव काय?" हा प्रश्न भाड्याची खोली देतांना, सोयरिकींत आणि नोकरींत विचारला जातोच.

आडनांव बदलूंच नये असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत एका मुलाचें नांव दाखल झालें, तें 'भिवा रामजी आंबेडकर'. घराण्याचें आडनांव सकपाळ, मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. नव्या आडनांवानें त्या मुलाचें कांहीं उणें झालें नाहीं. ज्या घरांना आडनांवामुळें पिढ्यान् पिढ्या दार बंद झालें, त्यांनीं तें बदललें तर त्यांना बोल लावणारे आम्ही कोण? पण बदलणें आपल्या मर्जीनें असावें; दुसऱ्याच्या हसण्याला भिऊन नसावें. आज कुंभार टाकलें, उद्यां तो साहेब गांव विचारील, परवां देव विचारील. किती वेळां अर्ज लिहावा?

आणखी एक गोष्ट आयाबहिणींची. सावित्रीबाईंचें माहेरही नायगांवच, पण सातारा जिल्ह्यांतलें, खंडाळा तालुक्यांतलें. माहेरचें आडनांव नेवसे. हें किती मुलांना ठाऊक आहे? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें, मग बापाचें नांव व नंतर आडनांव लिहावें, असा नियम महाराष्ट्र सरकारनें केला आहे. नियम चांगला आहे. आपणही घरांतील वृद्धांजवळ बसावें. मूळ गांव, जुना धंदा, आजीचें माहेर हें सारें एका वहींत लिहून ठेवावें. शाळेच्या दाखल्यापासून घरभाड्याच्या पावतीपर्यंत आडनांव एकाच तऱ्हेनें लिहिलें आहे कीं नाहीं तेंही पाहावें; काना-मात्रेच्या फरकानें गरिबाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि शिक्षक बंधूंनो, वर्गांत हजेरी घेतांना एखाद्या आडनांवावर मुलें हसलीं, तर त्याच वेळीं पुस्तक मिटून त्या धंद्याचा धडा द्या. चाक कसें फिरतें, माती कोणती लागते, भट्टी किती वेळ धगधगते, हें वर्गांतल्या कितीजणांना येतें तें विचारा.

त्या रात्रीं आम्हीं अर्ज लिहिला नाहीं. मुलाला उठवून जेवावयास बसविलें व हेंच सारें त्याला सांगितलें. "महिनाभर विचार कर. मग तुला स्वतःला बदलावेंसें वाटलें तर अर्ज आम्ही आमच्या हातानें लिहून देऊं," असें म्हटलें. बापानें कागद घडी करून खिशांत ठेवला. मुलगा म्हणाला, "गुरुजी, आजोबांचं चाक गावी माळ्यावर आहे. ते मी कधी पाहिलंच नाही."

येत्या सुटींत तो गांवीं येणार आहे.