एका चकतीसाठी इंजिन कशाला उतरवायचे?



मुंबईची बैठक आटोपून आम्ही पाच जण जुन्या डिझेल जीपने परतत होतो. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यात आलो तर काटा लालवर आणि इंजिनाखाली पाण्याची धार. पहिल्या गॅरेजात मिस्त्रीने वाकून पाहिले आणि निकाल दिला, "इंजिन उतरवावं लागेल. तीन दिवस." खिशात डिझेलपुरते पैसे, गावाकडे वाफसा आलेला. इंजिन गार होऊ दिले आणि थांबत थांबत, पाणी भरत भरत कामशेत गाठले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन जागेवर ठेवून दुपारभरात काम संपवले. बिघडले काय होते? रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पत्र्याची एक चकती.

हिला वेल्श प्लग म्हणतात, काही मिस्त्री डमी म्हणतात. इंजिनाचा ब्लॉक ओतताना पाणी खेळायच्या पोकळीत वाळूचा गाभा असतो. तो काढण्यासाठी ठेवलेली भोके मागाहून अशा चकत्यांनी बंद करतात. थंड मुलखात पाणी गोठून फुगले की चकती कधी कधी बाहेर फेकली जाते, म्हणून तिकडे तिचे नावच गोठण्यावरून पडले. आपल्याकडे ती गोठत नाही, गंजते. तीही आतून, म्हणून धार लागेपर्यंत कळत नाही.

मिस्त्रीने जुनी चकती आमच्या हातावर ठेवली. नुसती चाळण! "पाणी कुठलं भरता?" "बोअरचं." तो हसला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो. त्याच्या पाव हिश्श्यालाही आपले कितीतरी तालुके महाग. आपण बोअरचे जड पाणी पितो, इंजिनालाही तेच पाजतो. कूलंट म्हणजे थंडीचे औषध, असा आपला समज. खरे तर ते गंजाचे औषध आहे. शिवाय त्याने पाणी लवकर उकळत नाही.

आता काम कसे झाले ते ऐका. आमची चकती सेल्फच्या मागे होती. मिस्त्रीने आधी बॅटरीची वायर सोडली, मग पाणी काढले, मग सेल्फ उतरवला. चकतीच्या एका कडेला छिन्नीने बेताने ठोकले, तशी ती भोकात आडवी फिरली. पक्कडीने धरून ओढून काढली. जोरात ठोकले तर चकती आत पडते, आणि आत लगेच सिलिंडरची भिंत असते. भोकाची बैठक पॉलिश पेपरने घासून कोरडी केली, नव्या चकतीच्या कडेला सीलंट लावले आणि चकतीच्या पोटात बसेल असा पाना लांब दांड्याला लावून ती सरळ ठोकून बसवली. हातोडा फिरवायला जागाच नसेल तर नट आवळला की फुगणारा रबरी प्लग मिळतो, त्यावर वेळ निभावते. पितळी चकती मिळाली तर उत्तम, ती गंजत नाही. आणि एक चकती सडली असेल तर शेजारच्याही तपासा. त्यांनीही तेच पाणी प्यालेले असते.

इंजिन कधीच उघडू नये, असे आम्ही म्हणत नाही. ब्लॉकला तडा गेला असेल तर चकती बदलून काय होणार? फ्लायव्हीलच्या मागची चकती गेली तर ट्रॅक्टर क्लचपाशी फोडावाच लागतो. लोणावळ्याचा मिस्त्री लबाड होता असेही नाही. उतरवलेल्या इंजिनावर काम करणे त्याला सोपे आणि खात्रीचे. पण त्याच्या सोयीची किंमत आपण मोजायची, तर निदान विचारून मोजावी. नाहीतर रोग रेड्याला आणि डाग पखालीला!

भाव मागताना आपण बियाणे, खत, मजुरी धरतो. वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला, भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी रांग लावली, पेरा मागे पडला, ज्वारीची ओल उडाली, तो खर्च कोणाच्या वहीत? सरकारच्या वहीत तर नाहीच, आपल्याही वहीत नाही. उत्पादन खर्च मागायचा तर आधी तो लिहायला शिकू. आणि त्यातला जो खर्च केवळ आपल्या अज्ञानाचा आहे, तो वाचवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

लोणावळ्यात नौदलाची 'शिवाजी' ही संस्था १९४५ पासून जहाजांच्या इंजिनांसाठी माणसे घडवते. घडवावीतच. शेतीयंत्रांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९५५ साली मध्य प्रदेशात बुदनीला संस्था काढली. पुढे हरियाणा, आंध्र आणि आसामात निघाल्या. कापूस-ज्वारीच्या महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली एकही नाही. ही मागणी करायचीच. पण ती पुरी होईपर्यंत इंजिने गंजायची थांबणार नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्हा बैठकीत एक तास इंजिनाला द्या. गावातल्या जाणत्या मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन बोलवा आणि एक ट्रॅक्टर मांडवाच्या दारात उभा करा. चकत्या कुठे आहेत, पाणी कुठून काढायचे, कूलंट किती घालायचे, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावे. मायबहिणींनी पुढे बसावे, कारण खर्चाची वही बहुतेक घरांत त्यांच्याच डोक्यात असते.

आणि घरी गेल्यावर उद्या सकाळी, इंजिन गार असताना, रेडिएटरचे झाकण उघडून पाहा. पाणी तांबडे दिसले तर समजा, चकती आतून सडू लागली आहे. पेरणीला अजून वेळ आहे तोवर बघून घ्या.