कोथिंबीर पिवळी का पडते?

मैत्रिणींनो, सकाळी आणलेली हिरवीगार कोथिंबीर दुसऱ्या दिवशी पिवळी दिसली, की आपण भाजीवाल्याला बोल लावतो. पण पुष्कळदा खरा चोर आपल्याच स्वयंपाकघरात असतो. शेजारी ठेवलेली पिकली केळी!

पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. १९०१ साली नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने दिव्याच्या गॅसमधल्या या वायूचा वाटाण्याच्या रोपांवर होणारा परिणाम दाखवला. फळं स्वतःच तो तयार करतात, हे १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन यांनी सिद्ध केलं. मुळं फुटणं, वाढणं, पिकणं, पानं गळणं ही कामं झाडं अशाच पदार्थांकरवी करून घेतात. त्यांना संप्रेरकं म्हणतात.

आता माणसानेही ती बनवायला सुरुवात केली आहे. १९५५ साली अमेरिकेत कायनेटिन सापडलं. ते लावलं, की तोडलेलं पानसुद्धा जास्त दिवस हिरवं राहतं. सफरचंदं महिनोन्‌महिने टिकवण्यासाठी एक कृत्रिम वायू निघाला आहे. कुलपात चुकीची किल्ली अडकली, की खरी किल्ली शिरत नाही ना? तसंच इथिलीनच्या जागेवर हा वायू जाऊन बसतो आणि फळाला पिकण्याचा निरोपच पोचत नाही!

आता तुमच्या मनातली शंका. नाशिककडची लांबट, टपोरी द्राक्षं औषध घालून वाढवलेली असतात का? होय, पण घाबरू नका. बी असलेल्या द्राक्षाला वाढीचं जिबरेलिन बियांकडून मिळतं. बिनबियांच्या द्राक्षाला ते कमी पडतं, म्हणून शेतकरी त्याच्या पाण्यात घड बुडवतात किंवा ते फवारतात. हे बुरशीपासून मिळवतात. मात्र द्राक्षांवर इतरही फवारण्या होतात, तेव्हा भरपूर पाण्यात धुतल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका.

खरी भीती आहे ती कार्बाइडची. आंबे झटपट पिकवायला पेटीत त्याच्या पुड्या ठेवतात. त्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो, आणि फळं पिकवण्यासाठी त्याचा वापर आपल्याकडे कायद्याने बंद आहे. पेटीत पुडी दिसली, तर आंबे परत करा. भिडेपोटी घेऊ नका. त्यापेक्षा कच्चे आंबे आणून घरीच अढी घाला. थोडे असतील तर कागदात गुंडाळून त्यांत एक पिकलं केळं ठेवा. इथिलीनच ते, पण घरचं!

एवढं लक्षात ठेवा:

केळी, आंबे, सफरचंदं एका बाजूला. पालेभाज्या आणि काकड्या दुसऱ्या बाजूला. गाजरंही फळांपासून लांब ठेवा, नाहीतर कडवट होतात. टोपलीतलं जास्त पिकलेलं फळ आधी संपवा, म्हणजे बाकीची टिकतात.

जास्वंदीची फांदी लावायची असेल, तर नर्सरीत मुळं फुटण्याची पावडर मिळते. फांदीचं खालचं टोक ओलं करून पावडरीत टेकवा, झटका आणि लावा. जास्त पावडरीने जास्त मुळं फुटतील, असं समजू नका. टू-फोर-डी हे तणनाशक याच जातीचं कृत्रिम संप्रेरक आहे; त्याच्या जादा मात्रेने तण मरतं. अति तिथे माती, हे झाडांनाही लागू आहे.

माणसाचं म्हातारपण लांबवणारी पावडर मात्र अजून कुठल्याही नर्सरीत आलेली नाही. तोवर निदान कोथिंबीर तरी तरुण ठेवू या!